झाली का, मावशी?

संपादकांनी लेख मागताना एक अट घातली. "मावशी, दिवाळी अंक आहे. लोक शेजारी फराळाचं ताट ठेवून वाचतात. तेव्हा विषय जरा जपून मांडा." आता तुम्हीच सांगा, जपून कसा मांडायचा? मी पाळणाघर चालवलं. पाळणाघरात मुलं गाणी म्हणतात आणि टाळ्या वाजवतात असं ज्यांना वाटतं, त्यांनी सकाळी अकराच्या सुमारास माझ्या मागच्या मोरीत येऊन उभं राहायला हवं होतं. माझं निम्मं आयुष्य शी आणि शू यांत गेलं, आणि उरलेलं निम्मं त्यावरून मोठ्या माणसांशी वाद घालण्यात. ज्यांना हे चालणार नाही त्यांनी आधी चकली संपवावी, मग पान उलटावं.

श्रीरामपूरजवळच्या बेलापुरात, बाजारपेठेच्या मागच्या गल्लीत माझं घर. पुढच्या दोन खोल्यांत पाळणाघर. शिक्षिका, नर्स, बँकेतल्या मुली, दुकानांत काम करणाऱ्या बायका सकाळी मुलं सोडून जायच्या. सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंतची आठ-दहा पोरं कायम असायची. गेल्या वर्षी गुडघ्यांनी राजीनामा दिला म्हणून मलाही द्यावा लागला. अजून बाजारात निघाले की कुणीतरी हाक मारून विचारतं, "मावशी, आमची सात महिन्यांची झाली, पण पायावर बसतच नाही, काय करू?" हातात भाजीची पिशवी, समोर गवारीचा वाटा, आणि मी भर चौकात उभी राहून शी या विषयावर बोलते आहे. भाजीवाली तोंडाला पदर लावते. आता तर ती मला बघितल्याबरोबरच लावते.

या कामातली मुख्य विद्या म्हणजे पायावर बसवणं. आपल्याकडच्या आज्यांना हे सांगावं लागत नाही, पण हल्ली सांगावं लागतं म्हणून सांगते. भिंतीला पाठ टेकून खाली बसायचं, पाय पुढे पसरायचे, दोन पावलांत वीतभर अंतर ठेवायचं. बाळाला आपल्याकडे तोंड करून घोट्यांवर बसवायचं. त्याच्या मांड्या आपल्या पावलांवर टेकतात आणि मधली फट मोकळी राहते. खाली जुना कागद घालायचा. त्याचे हात आपल्या हातांत धरायचे आणि तोंडानं हळूहळू "श्श्श" करायचं. रोज त्याच वेळेला, त्याच जागी. काही आठवड्यांत बाळाच्या ध्यानात येतं की हे पाय, हा आवाज आणि हे काम एकमेकांना जोडलेलं आहे. मान धरली की सुरू करायचं, असा माझा हिशेब.

वेळ कशी ओळखायची? बाळ सांगतं. खेळता खेळता एकदम गप्प होतं. नजर एकाच जागी खिळते, बहुधा पंख्याकडे. कानाच्या पाळ्या लाल होतात. दूध पिता पिता मध्येच तोंड सोडतं आणि काहीतरी मोठा विचार करत असल्यासारखं बघत राहतं. त्या क्षणी जो उठला तो जिंकला. जो म्हणाला, "बघा बघा, किती शहाण्यासारखं बघतंय," त्याला दुपटी धुवावी लागतात.

एवढी साधी गोष्ट. पण मोठी माणसं साधी राहू देतील तर ना!

एक वडील बँकेत होते. त्यांनी मोबाईलवर तक्ता केला. सकाळी नऊ वीसला शी, साडेदहाला शू, पुन्हा सव्वाबाराला शू. मला रोज मेसेज यायचा, "नऊ वीस झाले." मी एकदा फोन करून म्हटलं, "साहेब, बाळ आहे ते, नगरची गाडी नाही वेळेवर सुटायला." त्यावर ते म्हणाले, "नगरची गाडी तरी कुठं वेळेवर सुटते?" आणि तक्ता चालूच ठेवला.

एका आईनं कुठला तरी व्हिडिओ पाहिला होता. अडीच वर्षांच्या आत मुलाला बसवलं तर त्याच्या मनावर परिणाम होतो म्हणे. बाळ दिवसभर डायपरमध्ये. मांड्यांच्या सांध्यात लालभडक चट्टे उठलेले, ते पोर टेकायलाही तयार नाही. मी म्हटलं, "बाई, त्याच्या मनाचं मागाहून बघू, आधी ही कातडी बघ." ती दुखावली आणि महिनाभर माझ्याशी फक्त पिशवीतून बोलली, म्हणजे पिशवीत चिठ्ठी ठेवायची.

आणि दुसऱ्या टोकाला आज्या. एक आजीबाई मला ठासून सांगायच्या की त्यांचा मुलगा चाळीस दिवसांचा असताना सांगून करायचा. मी विचारलं, "चाळीस दिवसांचं पोर सांगतं कसं?" त्या म्हणाल्या, "डोळ्यांनी." तो मुलगा, म्हणजे माझ्याकडच्या बाळाचा बाप, बाजूलाच उभा होता. पोट सुटलेला, पंचायतीत कामाला असलेला माणूस. त्यानं चपलेचा अंगठा निरखायला सुरुवात केली. आजीबाईंच्या मते त्यांचा नातू पाच महिन्यांचा होऊनही भिजतो, म्हणजे माझ्यात काहीतरी कमी आहे.

या सगळ्यांचा मला संताप यायचा. पण खरं लिहायचं तर त्यांच्याइतकीच मीही त्या शर्यतीत होते. माझ्या दारावर पाटी होती. वर पाळणाघराचं नाव, आणि खाली तांबड्या अक्षरांत पेंटरकडून लिहून घेतलेलं: "वर्षाच्या आत लंगोट सुटेल." ही ओळ पेंटरनं सुचवली नव्हती, मीच सुचवली होती. त्या ओळीवर लांबून लोक यायचे. माझ्या पायांवर बसून ज्याची झाली नाही असं बाळ बेलापुरात जन्मायचं आहे, असं मी चारचौघींत बोलायची. जयश्रीची आर्वी आली तेव्हा हे सगळं माझ्या डोक्यात चांगलं चढलेलं होतं.

जयश्री एसटीत कंडक्टर. गावाबाहेरच्या वस्तीवर राहायची. नवरा नगरला एमआयडीसीत कामाला, सुट्टीला घरी येणार. घरात सासू, त्यांना जयश्री आत्याबाई म्हणते, बाकी सगळे आक्का. आक्कांचे गुडघे माझ्याहून वाईट. त्यांना खुर्चीवरून उठायला दोन माणसं लागत, खाली बसून नातीला पायावर घेणं शक्यच नव्हतं. बाळंतपणाची रजा संपली आणि जयश्री सात महिन्यांच्या आर्वीला घेऊन माझ्याकडं आली. खाकी ड्रेस, खांद्याला पैशांची कातडी बॅग, कडेवर गोल डोळ्यांची पोर.

"मावशी, हिला सवय हाय," ती म्हणाली. "दुसऱ्या महिन्यापासून मी पायावर घेती. घरी एकदम येळेवर करती. तुमाला काय त्रास न्हाई द्यायची."

मी मनात म्हटलं, अशी तयार पोर मिळायला भाग्य लागतं.

भाग्य कसलं! आर्वी माझ्या पायांवर बसायची, माझ्या तोंडाकडं टक लावून बघायची, आणि काही म्हणजे काही करायची नाही. शू व्हायची, तिला कुणाची परवानगी लागत नव्हती. शी मात्र नाही. मी "श्श्श" करून करून माझ्याच घशाला कोरड पडायची. ती माझ्याकडं अशी बघायची की ही बाई हे काय करते आहे. दहा मिनिटांनी उतरवायची, तासाभरानं पुन्हा घ्यायची. पुन्हा तेच. इतर पोरांची ओळीनं व्हायची आणि ही राणीसारखी बसून राहायची.

पहिले आठ-दहा दिवस त्यानं बिघडलं नाही. जयश्रीची ड्यूटी उशिरा सुरू व्हायची, सकाळी घरी ती आर्वीला पायावर घ्यायची आणि काम उरकून टाकायची. संध्याकाळी न्यायला आली की दारातूनच विचारायची, "झाली का, मावशी?" मी म्हणायची, "न्हाई बाई, इथं न्हाई करत." ती म्हणायची, "करंल हळूहळू." पण मला ते लागायचं. इतक्या वर्षांत असं कुणी मला नाही म्हटलं नव्हतं.

मग तिची ड्यूटी बदलली. पहाटेची पहिली गाडी. सकाळी पोरीला पायावर घ्यायला वेळच उरेना. ती रविवारी माझ्याकडं मुद्दाम येऊन बसली. चहा हातात तसाच धरून म्हणाली, "मावशी, आता तुमच्याकडंच व्हायला पायजे. आत्याबाई रोज म्हनत्यात, पोरीचे हाल करून नोकरी करायची काय गरज हाय. मी परमनंट व्हायला किती वर्षं काढली तुमाला ठावं हाय. एक जरी कारन मिळालं तर त्या ह्यांना फोन करून सांगतील, बास झालं म्हनून."

"तू काळजी करू नको," मी म्हटलं. "माझी पाटी वाचली न्हाई का?"

सोमवारी मी आर्वीला चार वेळा पायावर घेतलं. चौथ्या वेळी चांगला अर्धा तास बसवलं. ती कंटाळली, मग रडली, मग माझा हात झटकून मागं रेलायला लागली. तिच्या मांड्यांवर माझ्या पावलांच्या कडांचे वळ उठले. मी तिला उतरवायला हवं होतं. मी उतरवलं नाही. आज माझ्या नजरेसमोर ते वळ आले की मला माझा राग येतो.

संध्याकाळी जयश्री आली. दिवसभर उभं राहून तिचे पाय सुजलेले. दारातच विचारलं, "झाली का, मावशी?"

आणि मी म्हटलं, "झाली."

तिचा चेहरा असा उजळला की तो शब्द परत घ्यायचं माझं धाडस झालं नाही. मी स्वतःची समजूत घातली की उद्या होईलच, एका दिवसानं काय बिघडतं. बिघडलं ते असं. माझ्याकडं झाली म्हटल्यावर घरी गेल्यावर तिनं पोरीला पायावर घेतलंच नाही. कशाला घेईल? पोर दिवसाला एकदा करायची, ती एकदाची झाली. दमलेली बाई, भाकरी टाकून पोरीला कुशीत घेऊन झोपली.

मंगळवारी पहाटेची गाडी करून आल्यावर जयश्रीला लगेच मुक्कामी गाडी लागली. मुक्कामी म्हणजे गाडी शेवटच्या गावाला थांबणार, कंडक्टर-ड्रायव्हर तिथंच राहणार, दुसऱ्या दिवशी परत. त्या दिवशीही माझ्याकडं झाली नाही. संध्याकाळी आक्का रिक्षातून आल्या. रिक्षातून न उतरताच त्यांनी विचारलं, "झाली का व पोरीची?"

"झाली," मी म्हटलं. दुसऱ्यांदा जीभ अजिबात अडखळली नाही.

"बरं झालं," आक्का म्हणाल्या. "न्हाई म्हनला असता तर मी आजच सुनंला सांगनार हुते, पुरे झाली तुझी गाडीवरची टिंगटिंग."

मला वाटलं, मी जयश्रीची नोकरी वाचवली. हे मी पुढं बरेच दिवस स्वतःला सांगत होते. खरं म्हणजे मी माझ्या पाटीवरची तांबडी ओळ वाचवत होते. जयश्रीची नोकरी नुसती सोबतीला होती.

बुधवारी सकाळी आक्कांनी पोरीला आणून सोडलं. पोर किरकिरत होती. आक्का म्हणाल्या, "रातभर अशीच चालली हाय. दूध सुदीक धड घेतलं न्हाई. दात येत असत्याल."

"घरी शी केली का?" मी विचारलं.

"न्हाई की. तुमच्याकडं झालीया ना काल आन् परवा?"

माझ्याकडं नाही आणि घरीही नाही. रविवारी सकाळी जयश्रीनं घरी पायावर घेतलं असेल तेव्हाची तीच शेवटची. आक्कांची रिक्षा वळून जाईपर्यंत मी दारात तशीच उभी राहिले, आणि तेव्हाही मी तोंड उघडलं नाही.

मग मला जे येतं ते सगळं केलं. बेंबीभोवती हिंग लावला. पोट कोमट हातानं चोळलं. पाय सायकलसारखे फिरवले. पाणी पाजलं. पायावर घेतलं, तर माझे पाय बघूनच तिनं अंग ताठ केलं आणि किंकाळी फोडली. पोट फुगून टणक झालं होतं. अकराच्या सुमारास तिनं चमचाभर दूध घेतलं तेही ओकली. जयश्रीला फोन लावला, तिच्या मुक्कामाच्या गावाला रेंज नाही. मदतीला येणाऱ्या बाईला बाकीची पोरं सांभाळायला सांगितली आणि रिक्षावाल्याला फोन केला, तो शिर्डीचं भाडं घेऊन गेलेला. रस्त्यावर आले तर श्रीरामपूरकडं जाणारी एसटी उभीच होती. चढले.

मला बसायला पुढचीच जागा मिळाली. आर्वी माझ्या मांडीवर कण्हत होती. आता मी देवाला काय काय बोलले ते इथं लिहीत नाही. एवढंच सांगते की त्या पाटीला मी काडी लावून टाकेन असं कबूल केलं होतं.

कंडक्टरनं दार लावलं आणि घंटेची दोरी दोनदा ओढली. टण्. टण्.

आर्वी गप्प झाली. एकदम. मान वळवून तिनं वर त्या दोरीकडं बघितलं. नजर खिळली. कानाच्या पाळ्या लाल झाल्या. मी इतकी घाबरलेली की आयुष्यभर ज्यांच्या जिवावर मिरवले त्या खुणाही मला कळल्या नाहीत. मला वाटलं, पोरीला फिट येते आहे. मी तिला उचलून छातीशी धरणार, तेवढ्यात तीन दिवसांचं सगळं एकदम माझ्या मांडीवर आलं.

लंगोट नावालाच होता. लुगडं भरलं, सीट भरली, माझ्या चपलेपर्यंत गेलं. शेजारची बाई उठून मागं पळाली. कुणीतरी खिडक्या उघडल्या. आणि मी हसत होते आणि रडत होते. "झाली! अगं झाली! झाली की गं माझी बाय!" असं मोठमोठ्यानं म्हणत होते. लोकांना वाटलं असेल, बाईच्या डोक्यावर परिणाम झाला आहे.

कंडक्टर वैतागून म्हणाला, "मावशी, खुशी कसली व्हतीय तुमाला? गाडी कोन धुनार?"

"मी धुते, दादा. सगळी धुते. छप्परसुद्धा धुते."

मग त्यानं पोरीकडं नीट बघितलं. "अवो, ही आमच्या जयश्रीताईची ना? काय झालंय हिला? कुठं चालवलीय?"

"दवाखान्यात," मी म्हटलं, आणि त्याच वेळी समजले की आता ही बातमी माझ्या आधी डेपोत पोचणार.

डॉक्टरांनी पोट दाबून बघितलं, आता मऊ होतं. आर्वी त्यांच्या कानातल्या नळीशी खेळत होती. त्यांनी मला सगळं विचारलं आणि मी सगळं सांगितलं, कारण डॉक्टरांशी खोटं बोलायची माझी हिंमत नव्हती. ते म्हणाले, "बाळ आजारी नाही. तुम्ही तिला बळजबरीनं बसवलंत, म्हणून ती दाबून धरायला लागली. लवकर सवय लावण्यात काही वाईट नाही, मावशी. पण सवय बाळाच्या कलानं लागते, तुमच्या इज्जतीच्या कलानं नाही." त्यांच्या दारात रांग होती, सगळ्यांनी ऐकलं. ओल्या लुगड्यानं मी तिथून निघाले.

मला अजूनही वाटत होतं की गाडीच्या धक्क्यांनी झालं. आमच्या रस्त्यावर मोठ्या माणसाचं पोटही जागेवर राहत नाही.

संध्याकाळी आक्का आणि जयश्री दोघी एकदमच आल्या. जयश्री मुक्कामाहून डेपोत पोचली तेव्हाच तिला कुणीतरी सांगितलं होतं. ती अजून खाकीतच होती. तिनं आर्वीला उचलून घेतलं, तिच्या पोटावर हात फिरवला आणि भिंतीला टेकून उभी राहिली. बोलल्या त्या आक्का.

"दवाखान्यात न्यावं लागलं पोरीला. आनि आई कुठं? गाडीवर! तिकिटं फाडतीय! मी पयल्यापासून सांगत हुते. उद्यापासून बंद. पोराला मी फोन लावनार हाय."

जयश्रीनं खांद्याची बॅग काढून खाली ठेवली. कायमची काढून ठेवतात तशी.

मी म्हटलं, "आक्का, थांबा. जयश्रीचा काही दोष नाही. मी खोटं बोलले."

"काय?"

"सोमवारी झाली नव्हती. मंगळवारीही नव्हती. तुम्ही विचारलं तेव्हा मी झाली म्हटलं. म्हणून जयश्रीनं घरी पायावर घेतलं नाही, म्हणून पोर तुंबली. तिच्या नोकरीनं नाही झालं हे. माझ्या तोंडानं झालं."

दोन आया आपापली मुलं न्यायला येऊन दारात उभ्या होत्या. त्यांतली एक ती व्हिडिओवाली. गावभर व्हायला यापेक्षा जास्त माणसं लागत नाहीत.

आक्का माझ्याकडं वळल्या. "म्हंजे आमी तुमच्या भरवशावर ऱ्हायलो, आन् तुमी..." जयश्रीनं मात्र माझ्याकडं बघितलंही नाही. तिनं बॅग उचलली, पोरीला खांद्यावर घेतलं आणि निघून गेली. शिव्या दिल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी तीन मुलं आली नाहीत. मी त्यांना दोष दिला नाही. मी स्टूल घेतलं, वर चढले आणि पाटीवरची तांबडी ओळ ओल्या चुन्यानं पुसायला लागले. ऑइलपेंट तो, चुना कसला बसतोय त्याच्यावर! ओळ आपली चुन्यातून गुलाबी दिसत राहिली.

"मावशी, खाली उतरा. पडाल."

खाली जयश्री उभी होती. खाकी, कातडी बॅग, कडेवर आर्वी.

मी उतरले. तिनंच सुरुवात केली. "दुपारची ड्यूटी मागून घेतली. आत्याबाई म्हनल्या, न्हाई बंद करायची नोकरी."

"त्या असं म्हणाल्या?"

"व्हय. म्हनल्या, ही बाई आता पुन्यांदा खोटं बोलायची न्हाई. दुसरी कोन बघितली तर तिला पयल्यापासून शिकवावं लागंल." जयश्रीच्या ओठांवर हसू येता येता राहिलं. मग ती गंभीर झाली. "पर मला राग आलाय, मावशी. लई आलाय. तुमी न्हाई म्हनला असता तर मी काय तुमाला खाल्लं असतं व्हय?"

"चुकलं माझं," मी म्हटलं. याहून मोठं वाक्य माझ्याकडं नव्हतं.

"माजं बी चुकलं," ती म्हणाली आणि पिशवीत हात घालून तिनं एक स्टीलची वाटी आणि चमचा काढला. "हे मी पयल्या दिवशीच द्यायला पायजे हुतं. लाज वाटली. म्हनलं, तुमी हसाल."

"हे कशाला?"

तिनं मान खाली घालून सांगितलं. रजेवर असताना ती आर्वीला पायावर घ्यायची आणि तिच्या तोंडून काही "श्श्श" यायचं नाही. इतकी वर्षं गाडी सोडायची तर दोरी दोनदा ओढायची, एवढंच हाताला ठाऊक. गंमत म्हणून तिनं वाटीवर चमचा दोनदा वाजवला आणि म्हणाली, "जाऊ द्या!" आर्वीनं जाऊ दिलं. दुसऱ्या दिवशीही तसंच. मग तीच सवय पडली. पाच महिने पोरीनं दुसरा आवाज ऐकलाच नव्हता. आणि मी बाई दहा दिवस तिच्यासमोर तोंडानं फुसफुस करत बसले होते.

मला ती दोरी आठवली. तिच्याकडं खिळलेली आर्वीची नजर आठवली. मी पायरीवरच बसले. आयुष्यभर मी आयांना सांगत आले की बाळ काय म्हणतं ते आधी बघा. आणि हिच्या आईला मी एकदाही विचारलं नव्हतं की घरी तू नेमकं करतेस तरी काय.

"दोनदाच वाजवा," जयश्री वाटी हातात देत म्हणाली. "एकदा वाजवू नका. एक बेल म्हंजे गाडी थांबवायची. ती खरंच थांबती."

मी आत गेले. भिंतीला पाठ टेकून बसले, कागद घातला, पाय पसरले. आर्वीला पायावर घेतलं. तिनं अंग ताठ केलं. मी थांबले. उतरवायच्या तयारीनं थांबले. तिनं वाटीकडं बघितलं आणि हळूहळू सैल झाली. मी चमचा वाजवला, दोनदा. जाऊ द्या म्हटलं.

बाहेर दारात जयश्री बॅग सावरत उभी होती. तिची गाडी सुटायची वेळ झाली होती. सवयीनं तिनं हाक मारली, "झाली का, मावशी?"

मी म्हटलं, "आत येऊन बघ. माझ्या शब्दावर जाऊ नको."

तिनं चपला काढल्या आणि आत आली.